मूठ आपली, पातं त्यांचं : रेझरचा जोड पक्का कसा करायचा?

बांबूकाम करणाऱ्या आपल्या गटांकडे सध्या एक नवी मागणी येते आहे. टोपल्या, सुपं, कंदील झाले, आता शहरातले दुकानदार दाढीच्या रेझरची बांबूची मूठ मागतात. प्लास्टिक नको म्हणणारं गिऱ्हाईक वाढलंय. रेझर ही पुरुषांचीच वस्तू असं समजून गप्प बसू नका, शहरातल्या बायका वापरतात आणि आपल्या घरातल्या मुलीही वापरतात. मूठ तासणं, घासणं, गुळगुळीत करणं आपल्याला जमतं. अडतं ते एकाच ठिकाणी, मूठ आणि पातं जिथं जोडलं जातं तिथं.

आमच्याकडे आलेल्या एका व्यापाऱ्यानं दुसरीकडून परत आलेल्या मुठींचा खोका दाखवला. बांबू छान, पॉलिश छान, पण तोंडाशी चिरा गेलेल्या, नाहीतर डोकं हातात घेतलं की डुगडुगणारं. ओल्या साबणाच्या गालावर पातं फिरत असताना डोकं सुटलं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून आज जोडाबद्दलच बोलू.

आधी थोडं मागचं. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला 1904 साली बदलता येणाऱ्या पातळ पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं. मूठ तीच ठेवायची, बोथट झालेलं पातं टाकायचं. त्यात डोकं स्क्रूनं आवळतात. पुढे 1971 मध्ये त्याच कंपनीनं दोन पात्यांचं बंद डोकं आणलं, त्याला काट्रिज म्हणतात. ते मुठीवर सरकवलं की टक् करून बसतं. आपल्या खेड्यांतल्या दुकानात दिसणारा स्वस्त गार्ड रेझर 2010 साली आला, तेव्हा रेझर 15 रुपयांना आणि काट्रिज 5 रुपयांना होतं. धंद्याची गोम इथंच आहे. मूठ एकदा विकली जाते, काट्रिज वर्षानुवर्षं विकलं जातं. म्हणून बऱ्याच कंपन्या आपला जोड वेगळा ठेवतात, एकीचं काट्रिज सहसा दुसरीच्या मुठीवर बसत नाही.

टक् करून बसणारा जोड समजून घ्यायला मुलांच्या दप्तराचं प्लास्टिकचं बक्कल हातात घ्या. त्यात दोन कामं वेगवेगळी आहेत. बाजूच्या खाचा बक्कल सरळ धरतात आणि लवचीक जिभा ते सुटू देत नाहीत. चांगल्या रेझरातही असंच असतं. दाढी करताना येणारा दाब खाचांनी आणि खांद्यांनी घ्यायचा, जिभेनं फक्त अडवून ठेवायचं. सगळा भार जिभेवर टाकला की ती थोड्याच दिवसांत तुटते.

ती तुटते कुठं? मुळाशी, जिथं कोपरा टोकदार असतो. शिवणकाम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ड्रेसची बाजूची चीर जिथं संपते तिथूनच कापड फाटत जातं, म्हणून आपण तिथं दोन टाके जास्त घालतो. प्लास्टिकच्या जिभेला टाके घालता येत नाहीत, तिथं कोपरा गोल ठेवतात. जीभ लांब आणि बारीक असेल तर ती सहज वाकते आणि परत जागेवर येते. आखूड आणि जाड असेल तर वाकायच्या आधीच तडकते. तयार जोडतुकडे विकत घेताना नखानं जीभ दाबून बघा, मुळाशी पांढरी रेघ उमटली तर तो माल परत करा. आणि टक् असा आवाज आलाच पाहिजे, कारण डोकं अर्धवट बसलेलं सगळ्यात धोक्याचं.

आता बांबूकडे येऊ, कारण आपली खरी लढाई तिथं आहे. बांबू उभ्या दिशेनं भक्कम, पण आडवा कमजोर. कोयत्यानं तो सरळ उभा चिरतो, त्याच गुणावर आपली टोपली होते. मुठीत मात्र तोच गुण वैरी ठरतो. शिवाय बांबू पाणी पितो, फुगतो, वाळला की आकसतो. रेझर तर रोज भिजणार. बांबूतच आटे पाडून स्क्रू घातला तर ते आटे भुसभुशीत होऊन डोकं सैल पडतं.

म्हणून पहिलं काम, बांबू निवडणं. तीन वर्षांच्या आतला कोवळा घेऊ नका. भरीव किंवा जाड सालीचा हवा. सिंधुदुर्गात माणगा आहे, विदर्भात मानवेल आहे, दोन्ही या कामाला चांगले. तो सावलीत वाळवायचा. वाळला कसा ओळखायचा? स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोच तुकडा वजन करा. वजन उतरायचं थांबलं की वाळला. ओल्या बांबूत जोड बसवला तर तो नंतर आकसून चिरतो, मग कितीही गोंद ओता. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याची प्रक्रिया वाळवण्याआधीच करून घ्या.

दुसरं, आटे बांबूत पाडायचे नाहीत, पितळेत पाडायचे. आतून आटे असलेली छोटी पितळी नळी मिळते, तिला बुश म्हणतात. बऱ्याच नव्या रेझरच्या डोक्याचा स्क्रू 5 मिलिमीटर जाडीचा असतो, पण ज्या डोक्यासाठी मूठ करायची ते हातात घेऊनच बुश आणा. लोखंडी बुश घेऊ नका, गंजतो. बाहेरून खरखरीत, दाते पाडलेला घ्या म्हणजे गोंद धरतो. गुळगुळीत असेल तर पॉलिश पेपरनं घासा आणि तेलाचा हात पुसून टाका. आम्ही 25 मिलिमीटर खोल भोक पाडतो. ते ड्रिलनंच पाडायचं, खिळा ठोकला की बांबू उललाच. गोंद दोन ट्यूबचा, दोन्ही सारखे घेऊन नीट कालवलेले. घाई करून एक ट्यूब कमी पिळली तर तो कधीच पक्का होत नाही. बसवल्यावर एक पूर्ण दिवस हात लावायचा नाही.

तिसरं, मुठीचं तोंड बांधायचं. बासरीवर दोऱ्याचे वेढे पाहिलेत ना? बांबू उलू नये म्हणून ते असतात. खुरप्याच्या मुठीला लोखंडी कडं असतं तेही त्यासाठीच. आपण पितळी कडं बसवायचं.

काट्रिजचा प्लास्टिक जोडतुकडा बसवायचा असेल तर आणखी एक अडचण आहे. डब्याच्या झाकणाची पातळ बिजागरी ज्या प्लास्टिकची असते, त्याला हा गोंद धरत नाही. तसा तुकडा असेल तर आडवं भोक पाडून स्टीलची बारीक पिन आरपार घालावी लागते.

दुसऱ्या कंपनीच्या जोडाची नक्कल करून द्या, असंही कुणी म्हणेल. आपल्याकडे पेटंट 20 वर्षं चालतं आणि कंपनीचं नाव आपल्या डब्यावर छापणं हा वेगळाच गुन्हा होतो. स्क्रूचा जोड जुना आणि सगळ्यांना मोकळा आहे, आम्ही गटांना तोच सुचवतो.

माल देण्याआधी परीक्षा घ्या. दहा मुठी रात्रभर पाण्यात, दिवसभर सावलीत, असं दहा वेळा करा. मग कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाका. मूठ घट्ट धरून डोक्याला पाच लिटरचा पाण्यानं भरलेला डबा लटकवा, म्हणजे पाच किलो झाले. डोकं दोनशे वेळा काढा, घाला. हे सगळं पात्याशिवाय करायचं. आमच्या गटातल्या एक मावशी हे काम टीव्ही बघता बघता करतात आणि त्यांच्या हातून सुटलेली मूठ बाजारात जात नाही.

तो खोका दाखवणारा व्यापारी आम्हाला म्हणाला, बुश आणि कडं काढा, स्वस्त पडेल, गिऱ्हाइकाला आतलं दिसतंय कुठं? आम्ही नाही म्हणालो. बाई, दोन महिन्यांची मजुरी एका खोक्यात परत येते तेव्हा ती गटाच्या खात्यातून जाते, त्याच्या नाही. ऑर्डर घेताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या : डोकं कोण पुरवणार, मंजूर नमुना कोणता (त्यावर दोघांची सही), आणि परत आलेला माल कुठल्या कारणासाठी स्वीकारायचा. आगाऊ रक्कम निदान बुश, कडं आणि गोंदाच्या खर्चाएवढी हवी.

ज्या गटांना जोड हातानं बसवून बघायचा आहे, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला वाळलेल्या बांबूचे दोन तुकडे घेऊन या. ड्रिल आणि बुश आम्ही आणतो.