पुरुष फिगर स्केटिंग: निकाल कसा लागतो?

फेऱ्या दोन. शॉर्ट प्रोग्रॅम सुमारे २ मिनिटं ४० सेकंद, फ्री स्केट सुमारे ४ मिनिटं. दोन्हींची बेरीज म्हणजे निकाल.

गुण. प्रत्येक उडीला ठरलेली मूळ किंमत. सफाई पाहून पंच उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळतात. पहिल्या दोन पडण्यांना प्रत्येकी १ गुण वजा, पुढे कपात वाढते. उडीचा दर्जाही घसरतो, आणि खरं नुकसान तिथेच.

अ‍ॅक्सल. पुढे तोंड ठेवून घेतलेली एकमेव उडी, म्हणून अर्धी गिरकी जादा. क्वाड्रपल अ‍ॅक्सलमध्ये साडेचार! स्पर्धेत ती प्रथम साधली अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने, सप्टेंबर २०२२ मध्ये.

दडपण. नेथन चेन, २०१८ ऑलिंपिक: शॉर्टमध्ये १७वा, फ्रीमध्ये पहिला, एकूण पाचवा. २०२२ मध्ये सुवर्ण. लागोपाठ दोन सुवर्णं मिळवलेला युझुरू हान्यू त्या वेळी चौथा.

आपल्याकडे. पिंपरी-चिंचवडच्या पोरांचं स्केटिंग चाकांवरचं. त्यातल्या आर्टिस्टिक प्रकारात उड्यांची नावंही तीच: अ‍ॅक्सल, सालकॉव्ह, लुट्झ. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामाने याच प्रकारात भारताला कांस्य मिळवून दिलं.