एक जूनचा वाढदिवस आणि फुटबॉलची अकादमी

उदगीरच्या एखाद्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवले, तर एक तारीख पुन्हा पुन्हा भेटते: १ जून. घरी जन्माची नोंद नसे. फार तर आईला आठवे, की त्या वेळी ज्वारीची काढणी चालू होती. मग मुलगा सहा वर्षांचा दिसतो, एवढ्यावर गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकत. पुढे नोकरी आणि निवृत्ती त्याच तारखेवर चाले. व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या अकादम्यांत मात्र खरी जन्मतारीख आणि कागदावरची जन्मतारीख यांतले अंतर मुलाचे नशीब फिरवू शकते.

अकादमी म्हणजे क्लबने उद्याचे खेळाडू घडवण्यासाठी चालवलेली शाळाच. इंग्लंडमध्ये आठ-नऊ वर्षांची मुले निवडतात आणि नंतर वेळोवेळी चाळणी लावून अनेकांना घरी पाठवतात. आपल्याकडे २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफ. सी. या क्लबची अकादमी पुण्याजवळ मामुर्डीला होती. तो क्लब आता राहिलेला नाही. नवी मुंबईत २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे; ती क्लबची नसली तरी काम तेच करते. सर्वत्र मुलांचे गट पडतात ते वयावरून, आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये वर्षाची सीमारेषा १ जानेवारी ही असते.

समजा, दोन मुले एकाच साली जन्मली, एक ५ जानेवारीला आणि दुसरा २५ डिसेंबरला. दोघे एकाच गटात खेळणार. दहाव्या वर्षी त्यांच्यातला फरक जवळजवळ एका वर्षाचा, म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याच्या एक-दशांशाइतका! उंचीत तो सरासरीने पाचएक सेंटीमीटर भरतो. निवड करणाऱ्याला दिसतो तो उंच आणि वेगाने धावणारा मुलगा, आणि तो त्याला ‘गुणी’ म्हणतो. निवडलेल्याला चांगला प्रशिक्षक, पोषक आहार आणि अधिक सामने मिळतात. दोन वर्षांनी तो खरोखरच सरस झालेला असतो. सुरुवातीची चूक अशी स्वतःलाच खरी करून दाखवते.

याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आहे, हे १९८५ साली बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पण जानेवारीत जन्मलेली मुले मुळातच बळकट असतील, अशी शंका कोणीही घेईल. तिचे उत्तर बेल्जियमने नकळत दिले. तिथे युवा फुटबॉलची सीमारेषा १ ऑगस्ट होती. १९९७ साली ती १ जानेवारी केली गेली. त्याबरोबर युवा संघांतला फायदाही ऑगस्टनंतर जन्मलेल्यांकडून सरकून जानेवारीनंतर जन्मलेल्यांकडे गेला. म्हणजे ऋतूचा किंवा ग्रहांचा काही संबंध नव्हता. फायदा सीमारेषेचा होता.

आता यात शरीराचे घड्याळ मिळवा. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरीने चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची त्याआधी दोनएक वर्षे. पण ही सरासरी झाली. आठवीच्या एकाच वर्गातल्या मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. मिसरूड फुटलेला आणि आवाज न फुटलेला, दोघेही एकाच बाकावर बसतात हे शिक्षकांना सांगायला नको.

हाडांवरूनच वयाची लबाडीही पकडतात. मनगटाजवळ त्रिज्यास्थीच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती हळूहळू हाडाशी एकजीव होते. ती पूर्ण एकजीव झाली असेल, तर मुलगा १७ वर्षे ओलांडलेला असण्याची शक्यता फार मोठी. २००९ मध्ये नायजेरियात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून फिफा ही तपासणी एम.आर.आय.ने करते, कारण त्यात क्ष-किरणांचा मारा होत नाही. मात्र ही चाळणी मोठ्या वयाच्या मुलाला पकडते. गुरुजींनी सहा वर्षे पुरी दाखवण्यासाठी ज्याचे वय वाढवून लिहिले, तो मुलगा आपल्याहून मोठ्यांत खेळतो, कमी पडतो आणि गळतो. त्याच्यासाठी कोणी यंत्र लावत नाही.

इंग्लंडमधील काही अकादम्यांनी एक उपाय करून पाहिला आहे. मुलाची आजची उंची त्याच्या अपेक्षित प्रौढ उंचीच्या किती टक्के आहे हे काढून काही सामन्यांत त्यानुसार गट पाडायचे. लवकर वाढलेल्याला मग नुसत्या ताकदीवर भागवता येत नाही, डोके चालवावे लागते.

इंग्लंडमध्ये सीमारेषा १ सप्टेंबर आहे. २८ जुलै १९९३ ला जन्मलेला हॅरी केन आपल्या गटात सर्वांत लहानांपैकी होता. आर्सेनलच्या अकादमीने त्याला आठ-नऊ वर्षांचा असतानाच घरी पाठवले. २०२३ साली तो इंग्लंडकडून सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला.

आपल्या शाळेत हे तपासणे सोपे आहे. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. गेल्या पाच वर्षांतील १४ वर्षांखालील संघांच्या याद्या घ्याव्यात, खेळाडूंचे जन्ममहिने तीन-तीन महिन्यांच्या चार कप्प्यांत मांडावेत आणि त्याच वर्गांतील सर्व मुलांचीही तशीच मांडणी करून शेजारी ठेवावी. एका संघाच्या पंधरा-सोळा नावांवरून काही निष्कर्ष निघत नाही. तालुक्यातील चार शाळांनी मिळून केले तर बरे. १ जूनच्या नोंदी मात्र बाजूला काढाव्यात, नाहीतर दुसरा कप्पा उगाच फुगेल. नंतर हीच मांडणी खो-खोच्या संघाची करून पाहावी. तिथे उंचीपेक्षा चपळाई लागते, तेव्हा आकडे निराळे येतात का, हे पाहण्याजोगे आहे.