मंडईच्या पाहुण्यांसाठी गरम भरीत-डिप

ज्यांनी आजचा एपिसोड प्रवासात अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हे ट्रान्सक्रिप्ट.

आमच्या गोंदियाकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दंडार, रात्रीचं नाटक आणि घरात पाहुणेच पाहुणे. मागच्या मंडईला मामा आले होते. त्यांना शुगर आहे. आम्ही पोहे आणि आलूबोंडे मांडले, जेवायला भात. मामा म्हणाले, "मला भूक नाही." बिनसाखरेचा चहा घेऊन बसून राहिले. भूक होती, हे आईला लगेच कळलं. मला उशिरा.

त्यांना वेगळी 'पेशंटवाली' प्लेट देणं मला पटेना. सगळे एकाच वाटीतून खातील असं काहीतरी हवं होतं. ते घरातच होतं: वांग्याचं भरीत. त्यात चक्का मिसळला की झालं गरम डिप.

चार जणांसाठी साहित्य: अर्धा किलो भरताची वांगी, पाव किलो दह्याचा चक्का, ७-८ लसूण पाकळ्या, ४ हिरव्या मिरच्या, मूठभर कांद्याची पात, सांबार (पुण्यावाल्यांनो, म्हणजे कोथिंबीर!), २ चमचे फल्लीचं तेल, जिरं, मीठ.

कृती:

१. दही फडक्यात बांधून २-३ तास टांगा. पाणी निघालं नाही तर डिप पातळ होतं.

२. वांग्याला चिरा देऊन त्यात लसूण खोचा आणि थेट गॅसवर भाजा. चिरा नसतील तर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं. वांगं स्पंजसारखं असतं, कच्चं तळलं तर तेल पिऊन बसतं. म्हणून आधी भाजायचं, तेल नंतर.

३. साल काढून गर ठेचा. तेलात जिरं, मिरची, पात परता, गर घालून ५ मिनिटं परता.

४. गॅस बंद करा. दोन मिनिटांनी चक्का आणि मीठ मिसळा. उकळत्या गरात घातला तर दही फाटतं. वरून सांबार.

५. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, गप्पा संपेपर्यंत डिप गरम राहतं.

आता हिशोब. १०० ग्रॅम वांग्यात सुमारे ६ ग्रॅम कार्ब, त्यातलं जवळपास निम्मं फायबर. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८. आपलं डिप माणशी साधारण १० ग्रॅमवर येतं.

पण खरा घोळ डिपमध्ये नसतो, ते कशाने खातो त्यात असतो. ब्रेड किंवा चिप्स ठेवले की सगळी मेहनत पाण्यात. काकडी, मुळा, सिमला मिरचीचे लांब तुकडे ठेवा.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात-पोळी अचानक बंद करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा. हे डिप नाश्ता आहे, औषध नाही.

गेल्या महिन्यात मामा परत आले. कोणीच सांगितलं नाही की हे त्यांच्यासाठी केलंय. वाटी मधोमध ठेवली, सगळे तुटून पडलो. थोड्या वेळाने मामांनीच विचारलं, "अजून आहे का गं?"

तुमच्या घरी 'भूक नाही' म्हणणारं कोण आहे? पुढच्या वेळी त्यांच्यासमोर ही वाटी ठेवून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!