घरांतलें काडतूस

मांजरीस दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या माझ्या पुतण्यास नेमबाजीचा नाद आहे. अमेरिकेंतील पुष्कळ नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरींच पुन्हां भरतात, हें ऐकून माळ्याखालच्या कोपऱ्यांत तसेंच एक मेज मांडण्याचा त्याचा मनोदय झाला.

कल्पना मुळांत वेडगळ नव्हे. पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, दारू आणि गोळी हीं काडतुसाचीं चार अंगें. बार उडतांच टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी निघून जाते. पितळ तेवढें पुन्हां उपयोगी पडतें. मात्र दारू सराफाच्या सोन्याप्रमाणें तोलावी लागते. प्रमाण चुकलें तर बंदूकच फुटून हातडोळे जावयाचे.

"काका, डबा कुलपांत ठेवीन," तो म्हणाला.

"अरे, देवघरांतलें निरांजन तेथून चार हातांवर! आणि टोप्यांतून व गोळ्यांतून निघणारी शिशाची धूळ? तुझी रांगती मुलगी जमिनीवरचें सारें तोंडांत घालते."

शिवाय कायदा आहेच. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या पांचव्या कलमान्वयें काडतुसें बनविण्यास निराळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा त्यास पुरत नाहीं. आपल्या खडकीस १८६९ पासून हेंच काम चालतें, पण तें कारखान्यांत, अंथरुणांपाशीं नव्हे.

तो दोन दिवस अबोल होता. तिसऱ्या दिवशीं सूनबाईनें त्या कोपऱ्यांत पापडांचे डबे रचले.