दूरच्या यानाचा आवाज आणि तराजूतील पासंग

परभणी जिल्ह्यातील वालूर हे गाव जुन्या बारवांसाठी ओळखले जाते. त्यांतील चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांच्या पुढाकाराने गाळातून मोकळी झाली आणि झाकलेल्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. दूरच्या अवकाशयानाचा संदेश ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांचे कामही असेच, गाळ उपसण्याचे असते.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘स्कियापारेली’ यान मंगळावर उतरत होते. त्याचे क्षीण रेडिओ संदेश पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय दुर्बिणीने, म्हणजेच जीएमआरटीने, टिपले. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. मंगळ त्या दिवशी सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. संदेश पोहोचण्यास जवळजवळ दहा मिनिटे लागत होती.

यानाचा वेग बदलला की त्याच्या लहरींची वारंवारता बदलते. या यानाच्या लहरींची वारंवारता सुमारे ४० कोटी हर्ट्झ होती. अशा लहरींत सेकंदाला एक मीटर वेगबदल झाला, तर वारंवारतेत फरक पडतो तो जेमतेम १.३ हर्ट्झचा. एवढा सूक्ष्म फरक मोजताना बाहेरची भेसळ नडते.

ही भेसळ अनेक वाटांनी येते. सूर्यापासून वाहणारे विद्युतभारित कण आणि पृथ्वीभोवतीचे आयनांबर लहरींना डळमळीत करतात. हवेतील बाष्प त्यांना विलंब लावते. ग्राहकयंत्राच्या उष्णतेची खरखर, आकाशगंगेचा कायमचा गुणगुणाट, भूतलावरील प्रक्षेपकांचा गोंगाट आणि घड्याळाची अल्पशी चूक यांचीही त्यात भर पडते.

व्यापारी मंडळींना तराजूतील पासंग ठाऊक असतो. तो ओळखण्यासाठी माल व वजने यांची पारडी बदलून पुन्हा तोलतात. शास्त्रज्ञही दोन वेगवेगळ्या वारंवारतांवर संदेश तोलतात. विद्युतभारित कणांचा परिणाम कमी वारंवारतेवर अधिक व जास्त वारंवारतेवर कमी होतो. त्यामुळे दोन्हींतील तफावतीवरून तो वजा करता येतो. बाष्पाचा परिणाम मात्र दोन्हींवर सारखाच असतो. तो स्वतंत्र उपकरणाने मोजावा लागतो. घड्याळाच्या चुकीवर अणुघड्याळ हा उपाय आहे.

खोडद येथे यानाचा वेग घटताना, हवाई छत्री उघडताना लहरींत बदल दिसले. मग अपेक्षित अवतरणाच्या थोडे आधी संदेश थांबला. यान मंगळावर आदळले होते. पुढील चौकशीत कारण उघड झाले. यानाचे फिरणे मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकले. त्या चुकीच्या नोंदीवरून संगणकाने यान जमिनीखाली असल्याचे मानले, छत्री वेळेआधी सोडली आणि वेग रोखणारे अग्निबाण काही क्षणांतच बंद केले. तेव्हा यान प्रत्यक्षात सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होते.

पृथ्वीवर ऐकणाऱ्यांनी भेसळ वेगळी काढली म्हणून यानाचे अखेरचे क्षण कळले. यानावरील संगणकाने मात्र चुकीचा आकडा तपासणीविना खतावला आणि एका सेकंदाच्या चुकीची किंमत संपूर्ण यानाने चुकवली. पासंग प्रत्येक तराजूत थोडाफार असतोच. तो तपासून मगच वहीत आकडा मांडणे, हीच खऱ्या हिशेबाची रीत.