तुरुंगानंतरचे दप्तर

२६ जून १९५२ रोजी पोर्ट एलिझाबेथच्या न्यू ब्रायटन रेल्वे स्थानकात केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून एक कृष्णवर्णीय तुकडी आत शिरली आणि तिने स्वतःला अटक करून घेतली. तिचे नेते रेमंड म्हलाबा हे धुलाई कारखान्यातील मजुरीतून कामगार चळवळीत आलेले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि तेथील भारतीयांची काँग्रेस यांनी मिळून उभारलेल्या या अवज्ञा आंदोलनात पुढे आठ हजारांवर माणसे तुरुंगात गेली. गांधीजींचा सत्याग्रह जेथे जन्मला, त्याच भूमीवरचा हा लढा होता. म्हलाबा मात्र पुढे सशस्त्र लढ्याकडे वळले. १९६४ मध्ये मंडेलांबरोबर त्यांना जन्मठेप झाली आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये ते सुटले, तेव्हा साठी केव्हाच उलटून गेली होती.

१९९४ मध्ये ते ईस्टर्न केप प्रांताचे प्रीमिअर, म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्यांसारखे, झाले. खरी कसोटी येथे लागली. जुन्या केप प्रांताचा तुकडा आणि वर्णद्वेषी राजवटीने ‘स्वतंत्र’ म्हणून उभी केलेली ट्रान्स्काय व सिस्काय ही दोन बाहुली राज्ये जोडून हा प्रांत बनला होता. प्रत्येकाची सचिवालये निराळी, वेतनश्रेणी निराळ्या, दप्तरे निराळी. पगारपत्रकावर नावे असत, माणसे नसत. शिवाय सत्तांतराच्या वाटाघाटींतच जुन्या नोकरवर्गाला नोकरीची हमी मिळालेली होती. शांततेची ती किंमत होती आणि ती नव्या सरकारने चुकवायची होती. राजधानी ठरली बिशो. सप्टेंबर १९९२ मध्ये याच गावी सिस्कायच्या सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडून अठ्ठावीस निदर्शकांचा बळी घेतला होता!

म्हलाबांवर ढिलाईचा ठपका आला आणि १९९७ मध्ये त्यांच्या जागी स्टोफिले आले. ठपका अगदीच निराधार नव्हता. दीर्घ बंदिवासाने माणसाला धीर येतो, कारभाराची नजर येतेच असे नाही. तथापि तिन्ही कारभारांची मोट ज्यांनी तशी बांधून ठेवली, त्यांचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि तीन वर्षांत ती मोट सुटली असती असे मानणाऱ्यांनी सरकारी कचेरी आतून पाहिलेली नसावी.

त्यानंतर ते रवांडात आपल्या देशाचे राजदूत होते. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये त्यांच्या जन्मभूमीजवळच्या, फोर्ट बोफर्टकडच्या, दोन नगरपालिका एकत्र करण्यात आल्या आणि त्या जोडणीलाच रेमंड म्हलाबांचे नाव देण्यात आले.