लाखांची उलथापालथ, चार घरांची लढत

2014 च्या लोकसभेला बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी मतदारसंघात काँग्रेसच्या प्रकाश हुक्केरींना 4,74,373 मतं पडली आणि भाजपच्या रमेश कत्तींना 4,71,370. लीड 3,003. देशभर मोदी लाट होती, पण इथे गुलाल उधळला काँग्रेसने. हुक्केरींच्या मतदारांपैकी फक्त 1,502 जणांनी ऐनवेळी कत्तींचं बटण दाबलं असतं तरी निकाल फिरला असता. दोघांना मिळून पडलेल्या साडेनऊ लाख मतांत हे प्रमाण 630 माणसांमागे एक. चिकोडी-सदलगा, निपाणी, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी, यमकनमर्डी असा आठ विधानसभांचा हा पसारा. विधानसभेमागे 188 मतं आली. ऊसपट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या भावकीच्या लग्नात याहून जास्त पानं उठतात.

ही जागा काही मुळापासून अशी काठावरची नव्हती. 1967 ते 1991 या काळात काँग्रेसचे बी. शंकरानंद इथून ओळीने सात वेळा निवडून गेले. तेव्हा ती अनुसूचित जातींसाठी राखीव होती. मतदारसंघांची फेररचना होऊन 2009 ला ती खुली झाली आणि तेव्हापासून एकाही पक्षाला सलग दोनदा मिळालेली नाही. 2009 ला भाजप 55,287 ने, 2014 ला काँग्रेस 3,003 ने, 2019 ला भाजप 1,18,877 ने, 2024 ला काँग्रेस 90,834 ने.

यातलं 2019 चं गणित तर चक्रावून टाकतं. हुक्केरींची मतं घटली नाहीत, उलट 51,767 ने वाढून 5,26,140 झाली. तरीही ते सव्वा लाखाच्या आसपास मतांनी पडले, कारण भाजपच्या अण्णासाहेब जोल्लेंनी कत्तींच्या आकड्यावर 1,73,647 ची भर घालून 6,45,017 मतं घेतली. जिंकताना होती त्यापेक्षा जास्त मतं घेऊन माणूस पडतो, तेही असा दणकून! आणि हे दोघेही सदलग्याजवळच्या एकसंब्याचे. एकाच गावच्या दोघांत पावणेबारा लाख मतांची वाटणी झाली.

माझ्या मते या मतदारसंघाची खरी गंमत लीडपेक्षा नावांत आहे. मतं लाखांनी इकडची तिकडे होतात, नावं मात्र तीच. रमेश कत्ती 2014 ला प्रकाश हुक्केरींकडून 3,003 ने हरले. 2023 ला चिकोडी-सदलगा विधानसभेत त्यांच्या मुलाकडून, गणेश हुक्केरींकडून, 78,509 ने. जोल्लेही 2018 ला याच विधानसभेत गणेश हुक्केरींकडून 10,569 ने पडले आणि वर्षभरात वडिलांना हरवून दिल्लीला गेले. त्यांच्या पत्नी शशिकला जोल्ले शेजारच्या निपाणीच्या आमदार. 2023 ला सदलग्याकडे काँग्रेसचं पाऊण लाखावर लीड निघत असताना निपाणी त्यांनी 7,292 ने राखली. 2024 ला अण्णासाहेब जोल्लेंना हरवणाऱ्या प्रियांका जारकीहोळी म्हणजे यमकनमर्डीचे आमदार सतीश जारकीहोळी यांच्या कन्या. हुक्केरी, कत्ती, जोल्ले, जारकीहोळी: खुल्या झालेल्या या जागेच्या चारही मुख्य लढती एवढ्या चार घरांत आटोपल्या.

याच जिल्ह्यात, शेजारच्या बेळगाव लोकसभेत, 1996 ला याच्या बरोबर उलटं घडलं होतं. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायला मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि रिंगणात 456 उमेदवार राहिले. त्याच वर्षी कायदा बदलला, खुल्या गटातल्या उमेदवाराची लोकसभेची अनामत 500 रुपयांवरून 10,000 झाली. आज मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर 16 नावं मावतात. 456 उमेदवार आणि नोटा धरून 29 युनिटं लागली असती. नव्या यंत्राला जास्तीत जास्त 24 जोडता येतात.